साडी आणि साठ लाख

हिंगण्याकडच्या एका तरुणाने पत्रातून विचारलेला प्रश्न आधी सांगतो, कारण उत्तराचा बराच भाग त्याच्या तपशिलातच आहे. आजोबांनी स्वतःच्या कमाईतून घेतलेलं सहा एकर वावर होतं. आजी आधी गेली, आजोबा २०११ मध्ये वारले. मागे चार वारस राहिले: या तरुणाचे वडील, काका आणि दोन आत्या. २०१६ मध्ये दोन्ही आत्यांनी भावांच्या नावे नोंदणीकृत हक्कसोड पत्र करून दिलं. प्रत्येकीला एक साडी आणि अकरा हजार रुपये मिळाले. दोन वर्षांनी वावर सार्वजनिक कामासाठी गेलं, दोन कोटी चाळीस लाख आले आणि भावांनी ते निम्मे-निम्मे घेतले. आता मुलाला कळलंय की सह्या होण्याच्या आधीच मोजणीवाले वावरातून फिरून गेले होते आणि काकांना ते ठाऊक होतं. वडिलांनाही बहुधा होतं.

वडील म्हणतात, बहिणींनी स्वखुशीने सही केली. शिवाय या पैशात कोणाचाच घाम नाही, तेव्हा नैतिक हक्काची भाषा कोणी करू नये, सातबारा ज्याच्या नावे त्याचा पैसा. मुलगा विचारतो: कष्टाविना आलेली संपत्ती मुळातच अनैतिक असते का, की फक्त हाव अनैतिक असते? आणि मी आता काय करू?

मी चौतीस वर्षं नागपुरात जमिनीच्या मामल्यांची वकिली करतो. वाटणीपत्रं, विक्रीपत्रं, हक्कसोड, वारसांच्या फेरफाराची भांडणं, भूसंपादनाचे वाढीव मोबदल्याचे दावे, माझं आयुष्य यातच गेलं. प्रश्न नीतीचा आहे आणि मी नीतिशास्त्राचा प्राध्यापक नाही. पण हाव कशी दिसते, ती कोणत्या कागदावर कुठे सही करते, हे मी फार जवळून पाहिलं आहे. म्हणून लिहितो.

पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर स्वच्छ ‘नाही’ आहे. कष्टाविना आलेला पैसा केवळ त्या कारणाने वाईट ठरत नाही. मी राहतो ते घर दीक्षाभूमीपासून चालत दहा मिनिटांवर आहे. ते ज्या प्लॉटवर उभं आहे तो माझ्या वडिलांनी १९७४ मध्ये पगारातून हप्ते भरून घेतला. त्यांनी जे भरलं ते त्यांच्या कष्टाचं होतं. पण आज त्या जागेची जी किंमत आहे तिच्यातला बहुतेक भाग ना त्यांनी कमावला, ना मी. समोरचा रस्ता महापालिकेने रुंद केला, दवाखाने, शाळा, कॉलेजं आजूबाजूला आली, २०१९ मध्ये शहरात मेट्रो धावू लागली. हजारो लोकांनी या बाजूला राहायला, दुकान टाकायला, मुलांना शिकवायला यायचं ठरवलं, म्हणून जागा महागली. मी तेवढी वर्षं त्या घरात झोपत होतो, एवढाच माझा वाटा. हे पाप असेल तर शहरातला प्रत्येक घरमालक पापी आहे, आणि असं म्हटल्याने कोणाचंच काही सुधारत नाही.

मात्र ही वाढ सगळ्यांनी मिळून घडवली आहे, हे कायद्यानेही जुन्या काळापासून ओळखलं आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ चा. त्यात नगररचना योजनेमुळे प्लॉटची किंमत जेवढी वाढेल, तिच्या निम्म्यापर्यंत रक्कम मालकाकडून योजनेच्या खर्चासाठी घेता येते. तुझ्या जागेची किंमत आम्ही रस्ते काढून वाढवली, तर वाढीतला अर्धा वाटा परत दे, असा तो सरळ हिशेब आहे. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात कलम १०२ आहे. संपादित केलेली जमीन कसलाही विकास न करता पाच वर्षांच्या आत जास्त किमतीला दुसऱ्याला दिली, तर वाढीव किमतीचे चाळीस टक्के मूळ मालकांना किंवा त्यांच्या वारसांना वाटायचे. म्हणजे नुसत्या हस्तांतरातून फुगलेला पैसा कोणा एकाने गिळू नये, ही बुद्धी कायद्याला आहे. अंमलबजावणी हा वेगळा आणि दुःखाचा विषय.

दुसऱ्या बाजूला आपण काय काय सोडून दिलं तेही पाहा. मेलेल्या माणसाच्या संपत्तीवरचा कर, इस्टेट ड्यूटी, १९५३ मध्ये आला. मोठ्या मालमत्तांवर त्याचा वरचा दर पंच्याऐंशी टक्क्यांपर्यंत गेला होता. तो १९८५ मध्ये रद्द झाला. संपत्ती कर १९५७ चा, तोही २०१५ मध्ये गेला. ग्रामीण शेतजमीन प्राप्तिकराच्या दृष्टीने भांडवली मालमत्ताच नाही. नागपूरसारख्या दहा लाखांहून जास्त वस्तीच्या शहराच्या हद्दीपासून हवाई अंतराने आठ किलोमीटरच्या पलीकडे जमीन असली, की विकून कितीही नफा होवो, त्यावर भांडवली नफ्याचा कर नाही. खऱ्या शेतकऱ्यासाठी हे योग्यच आहे. पण त्याच रांगेत असा माणूसही उभा असतो ज्याने आयुष्यात कधी पऱ्हाटी वेचली नाही, ज्याचा सातबारा फक्त गुंतवणुकीसाठी आहे. त्याच्या शेजारी राहणाऱ्या शिक्षिकेच्या पगारातून मात्र दर महिन्याला कर कापला जातो. घामाच्या पैशावर कर आणि बसल्या जागी वाढलेल्या पैशाला सूट, ही रचना मला अन्यायाची वाटते आणि मी ती पक्षकारांसमोरही तशीच सांगतो.

एवढं सांगितलं ते यासाठी, की तुमच्या वडिलांचं दुसरं वाक्य, ‘यात कोणाचाच घाम नाही’, हे खरं आहे हे तुम्ही आधी मान्य करावं. ते मान्य केल्यावरच त्यांचा निष्कर्ष किती उलटा आहे ते दिसतं. घाम कोणाचाच नसेल तर घामाच्या जोरावर कोणी जास्त मागू शकत नाही. मग वाटणीला आधार काय उरतो? फक्त एकच: हे वावर आजोबांचं होतं आणि त्यांना चार लेकरं होती. आजोबा मृत्युपत्र न करता गेले असतील तर हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ पासून मुलगी आणि मुलगा यांना बापाच्या स्वकष्टार्जित मिळकतीत सारखा वाटा देतो. वावर वडिलोपार्जित असतं तरी फरक पडला नसता. आजोबा ९ सप्टेंबर २००५ नंतर गेले, तोवर मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलासारखा हक्क देणारी दुरुस्ती लागू झाली होती, आणि सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये मुलीचा हक्क जन्मानेच असतो हे पक्कं केलं. कोणत्याही वाटेने गेलात तरी चौथा हिस्सा येतो. दोन कोटी चाळीस लाखांचा चौथा हिस्सा साठ लाख. एका आत्याचे साठ लाख गेले आणि त्यांच्या जागी एक साडी आणि अकरा हजार आले.

आता ‘स्वखुशीने’ या शब्दाकडे येतो. माझ्या मते सगळं प्रकरण या एका शब्दात आहे.

नागपुरात वाढलेल्या माणसाच्या कानावर पंचशील लहानपणापासून पडलेलं असतं, तो बौद्ध असो वा नसो. आमच्या बाजूला तर पहाटे विहारातून ऐकू येतं. त्यातलं दुसरं शील आहे, ‘अदिन्नादाना वेरमणी सिक्खापदं समादियामि’. लोक याचा अर्थ ‘मी चोरी करणार नाही’ असा सांगतात. पण पाली शब्द पाहा: अ-दिन्न-आदान. जे दिलेलं नाही ते घेणं. इतवारीतल्या जैन व्यापाऱ्यांकडे हाच शब्द ‘अदत्तादान’ म्हणून चालतो. चोरी या शब्दात कुलूप फोडणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. ‘न दिलेलं घेणं’ यात कुलूप लागत नाही. घेणाऱ्याला एकच गोष्ट तपासायची असते, समोरच्याने हे दिलं होतं का? आणि देण्यासाठी आपण काय देतोय हे देणाऱ्याला माहीत असावं लागतं. आत्यांनी काय दिलं? त्यांच्या समजुतीप्रमाणे त्यांनी भावाला कसायला वावर दिलं, माहेरचा दरवाजा उघडा राहावा म्हणून दिलं. साठ लाख रुपये त्यांनी दिलेच नाहीत, कारण ते आहेत हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. जे माहीत नव्हतं ते दिलं कसं म्हणायचं?

कायदा याबाबत किती बारीक विचार करतो ते सांगायला मला आवडेल. भारतीय संविदा अधिनियम १८७२ चा, कलम १७ कपटाबद्दल. त्याचं स्पष्टीकरण म्हणतं की नुसतं गप्प राहणं म्हणजे कपट नव्हे. मात्र परिस्थितीच अशी असेल की बोलणं हे कर्तव्य ठरतं, तर गप्प राहणंही कपट होतं. पुढे घोड्याचं उदाहरण आहे. ‘अ’ला माहीत आहे की घोडा सदोष आहे, आणि तो लिलावात ‘ब’ला विकतो, काही न बोलता. हे कपट नाही. पण ‘ब’ ही ‘अ’ची मुलगी असेल आणि नुकतीच सज्ञान झाली असेल, तर त्या नात्यामुळेच बोलणं हे ‘अ’चं कर्तव्य आहे. इंग्रजांच्या काळात लिहिलेला कोरडा व्यापारी कायदा, त्यालाही कळलं होतं की बाजारात जे चालतं ते घरात चालत नाही. बहीण भावावर विसंबते म्हणून न वाचता सही करते. तिच्या त्या विसंबण्याचाच फायदा घेतला, तर तो हुशारीचा व्यवहार राहत नाही.

हा प्रकार फक्त घरात होत नाही. जुन्या व्यवहारांचा शोध घेताना मला एखाद्या मौजाच्या नोंदी सलग दिसतात. वर्षानुवर्षं दोन-चार विक्रीपत्रं होणाऱ्या गावात अचानक एका उन्हाळ्यात पन्नास होतात, घेणारे सगळे बाहेरचे, आणि काही महिन्यांनी तिथून काहीतरी मोठं जाणार असल्याचं जाहीर होतं. विकणाऱ्याला मुलीच्या लग्नाची किंवा बोअरच्या कर्जाची घाई असते. घेणाऱ्याला नकाशा माहीत असतो. दर बाजारभावापेक्षा थोडा वरचाच दिलेला असतो, इसारपत्र नीट, मुद्रांक पूर्ण. कागदावर बोट ठेवायला जागा नसते. मला याला व्यापारी दूरदृष्टी म्हणता येत नाही. सरकारी कामातून वाढणारी किंमत ही सगळ्यांच्या पैशाची असते, आणि तिची बातमी आधी मिळवून ती अडलेल्या माणसाकडून काढून घेणं, हे माझ्या लेखी न दिलेलं घेणंच आहे. अडचण त्याची, माहिती याची, आणि फरक खिशात.

या विषयावर मी इतक्या ठामपणे बोलतो त्याला कारण आहे, आणि ते सांगितल्याशिवाय तुम्हाला सल्ला देणं मला बरोबर वाटत नाही. १९९८ मध्ये काटोलकडचे दोन भाऊ आपल्या बहिणीला घेऊन माझ्याकडे आले. हक्कसोड करायचं होतं. संत्र्याचा जुना बगीचा, झाडं वाळत चाललेली. मी मसुदा केला, वाचून दाखवला, म्हणजे वकील वाचतात तसा, भराभर. त्या बाईंनी मध्येच विचारलं, “आता याची किंमत किती असंन?” मोठा भाऊ म्हणाला, “आपल्याले वावर का इकाचं हाये?” ती हसली आणि अंगठा दिला. त्याच आठवड्यात तो भाऊ माझ्याकडे एकटा येऊन अकृषक, म्हणजे बिगरशेती, परवानगीची प्रक्रिया विचारून गेला होता. ले-आउट टाकायचा होता. मला माहीत होतं. मी गप्प बसलो, कारण फी भावाने दिली होती आणि तो माझा पक्षकार होता, असं मी स्वतःला समजावलं.

२००७ मध्ये त्या बाई परत आल्या, एकट्या, बसने. तोवर तिथे सगळे प्लॉट विकून झाले होते. त्यांना दावा लावायचा नव्हता. त्यांनी एवढंच विचारलं, “तवा तुमाले मालूम होतं का?” मी हो म्हणालो. त्या थोडा वेळ बसल्या, पाणी प्यायल्या आणि गेल्या. त्या दिवसापासून मी हक्कसोड पत्र वेगळ्या पद्धतीने करतो. मिळकतीची रेडीरेकनरप्रमाणे, म्हणजे सरकारी दरपत्रकाप्रमाणे, होणारी किंमत आणि सोडणाऱ्या व्यक्तीच्या हिश्श्याची रक्कम मी मसुद्यातच आकड्यात आणि अक्षरात लिहितो. सोडणाऱ्या बाईशी भाऊ बाहेर थांबलेले असताना बोलतो. बोलीभाषेत सांगतो की, बाई, तुम्ही आज एवढे रुपये भावाला देताय. कितीतरी जणी तरीही सही करतात, अगदी आनंदाने, आणि ते खरं देणं असतं. कितीतरी वेळा भाऊ फाइल उचलून दुसऱ्या वकिलाकडे जातात.

तुमच्या वडिलांची बाजूही मला मांडायची आहे, कारण तुम्ही पत्रात ती फारच घाईने उडवून लावली आहे. आजोबांच्या शेवटच्या आजारात त्यांना मेडिकलला नेणं, रात्री जागणं, औषधं, हे त्यांनी केलं. आत्यांची लग्नं आजोबांच्या हयातीत झाली, त्यासाठी काढलेलं कर्ज नंतर दोघा भावांनी फेडलं. विहीर खोल करून घेतली. हे कष्ट खरे आहेत आणि त्यांची किंमत धरायला हवी. पण ती धरायची कशी? दोन मार्ग आहेत. एक, भावांनी मनातल्या मनात हिशेब करून ठरवायचं की आमचं एवढं झालं, म्हणून सगळं आमचं. दुसरा, वही उघडी ठेवून बहिणींसमोर बसायचं: लग्नाच्या कर्जाचे एवढे, दवाखान्याचे एवढे, विहिरीचे एवढे, हे आधी बाजूला काढू का? माझ्या अनुभवात बहिणी अशा वेळी भावाने मांडलं त्याहून जास्त सोडतात. लग्नखर्चाचा मुद्दा मात्र जपून काढा. मुलाच्या शिक्षणाचा आणि लग्नाचाही खर्च बापानेच केलेला असतो. तो कोणी वहीत लिहिलेला नसतो, म्हणून फक्त मुलीचाच मोजला जातो.

आणखी एक माणूस तुमच्या पत्रात एका ओळीत येऊन गेला. ‘आमच्याकडे वीस वर्षं एक सालदार होते.’ मी त्या ओळीवर बराच वेळ थांबलो. दर गुढीपाडव्याला साल ठरायचं, काही पोती ज्वारी आणि रोख, आणि वर्षभर पेरणी, डवरणी, जागल सगळं त्यांच्याकडे. वावर गेलं तेव्हा तुमच्या घरात पैसे आले, त्यांचं काम गेलं. भूसंपादन कायद्याने ‘बाधित कुटुंब’ या व्याख्येत शेतमजुराला घेतलं आहे, संपादनाआधी तीन वर्षं तो तिथे राबत असेल आणि त्याचं पोट त्यावर असेल तर. पण वाटाघाटीने थेट खरेदी होते तेव्हा बोलणी सातबाऱ्यावरच्या नावांशी होतात, आणि सालदाराचं नाव कोणत्याही सातबाऱ्यावर नसतं. सगळ्या प्रकरणात ज्याने खरोखर घाम गाळला तो माणूस हिशेबाबाहेर राहिला. आत्यांबद्दल कायदा तुमच्याशी भांडू शकतो. या माणसाबद्दल तुम्हाला कोणी काही विचारणार नाही.

त्यांना किती द्यावं याचं सूत्र माझ्याकडे नाही. मला विनोबांची मागणी आठवते, कारण पवनारचा त्यांचा आश्रम इथून फार दूर नाही आणि माझ्या लहानपणी घरातली मोठी माणसं तिच्याबद्दल बोलत. १८ एप्रिल १९५१ ला तेलंगणातल्या पोचमपल्लीत भूमिहीनांनी ऐंशी एकर मागितले आणि गावातल्या एका जमीनदाराने शंभर एकर दिले, तिथून भूदान सुरू झालं. पुढे विनोबा गावोगाव मालकांना म्हणत, तुम्हाला पाच मुलगे असतील तर मला सहावा समजा आणि माझी वाटणी काढा. भूदानातल्या पुष्कळ जमिनी खडकाळ निघाल्या, पुष्कळ वाटल्याच गेल्या नाहीत, विदर्भातल्या अशा जमिनींची भांडणं मी स्वतः चालवली आहेत. पण मागणीची ती रीत मला आजही पटते. त्यांनी भीक मागितली नाही, वाटणीत बसायला जागा मागितली. सालदारालाही बक्षीस म्हणून काही देऊ नका. वीस वर्षं राबलेल्या माणसाचं वय झाल्यावर त्याला महिन्याला किती लागेल ते काढा, आणि तेवढं उत्पन्न देईल अशी रक्कम त्याच्या आणि त्याच्या बायकोच्या संयुक्त नावे पोस्टात किंवा बँकेत ठेवा.

हाव म्हणजे काय, असं तुम्ही विचारलं आहे. जास्त हवं असणं मला हाव वाटत नाही. मुलांना चांगलं शिकवायचं, पक्कं घर बांधायचं, आजारपणाला पैसा राखायचा, हे कोणाला नको? मी हाव ओळखतो ती एका खुणेवरून. माणूस लपवायला लागतो. मोजणीवाले येऊन गेले हे सांगत नाही, पैसे आले ती तारीख सांगत नाही, पासबुक कपाटात वर ठेवतो, बहीण माहेरी आली की विषय बदलतो. तुमचे वडील गेली काही वर्षं आत्यांकडे रक्षाबंधनाला गेले नाहीत असं तुम्ही लिहिलंय, आणि त्याचं कारण गुडघेदुखी दिलंय. मला तसं वाटत नाही. तो माणूस वाईट नाही. त्याला तोंड दाखवता येत नाही.

म्हणून त्यांच्याशी बोलताना ‘तुम्ही पाप केलं’ असं सुरू करू नका. तुम्ही स्वतः त्या पैशातून शिकलात, मोटारसायकल घेतलीत, हे आधी म्हणा. तुमचाही हिस्सा त्यातून निघणार आहे हे सांगा आणि किती निघेल ते आकड्यात सांगा. काका तयार होणार नाहीत, असं गृहीत धरून चाला. वडिलांनी आपल्या अर्ध्यातून दोघी बहिणींचे निम्मे-निम्मे, म्हणजे प्रत्येकी तीस लाख, द्यायचे. काकांचा हिशेब काकांपाशी. तुमच्याकडे आता एवढी रोकड नसेल, हे मी ओळखून आहे. सिमेंटच्या घरात आणि गाडीत बराच पैसा गेला असेल. मग हप्ते करा, पण त्याचा कागद करा, आणि उरलेलं वावर असेल तर त्यातला हिस्सा बक्षीसपत्राने आत्यांच्या नावे करा. वडील आहेत तोवर हे व्हायला हवं. त्यांच्यानंतर तुम्ही आणि तुमची भावंडं, सगळे वारस होतील, जोडीदारांची मतंही मध्ये येतील, आणि तेव्हा एकट्याच्या इच्छेने काहीच होणार नाही.

आत्यांनी न्यायालयात जावं का, असंही तुम्ही हळूच विचारलं आहे. कपटाने झालेला दस्त रद्द करून मागण्याची मुदत कपट कळल्यापासून तीन वर्षं असते. हा निर्णय आत्यांचा आहे, आणि त्यासाठी त्यांनी स्वतंत्र वकील पाहावा. तुम्ही त्यांच्यापासून ही माहिती लपवलीत तर २०१६ चीच गोष्ट पुन्हा होईल, फक्त गप्प बसणारा माणूस बदलेल.

कराची काळजी करू नका. भावाने बहिणीला दिलेली रक्कम बहिणीच्या हातात करपात्र नसते, रक्कम कितीही असो. रोख देऊ नका. बँकेतून द्या आणि सोबत दोन ओळींचं पत्र ठेवा की आजोबांच्या वावराच्या मोबदल्यातला हा तुमचा हिस्सा. पत्रात ‘प्रेमापोटी भेट’ लिहू नका, जरी कोणी तसं सुचवलं तरी. शब्द ‘हिस्सा’ असाच पाहिजे. पैसे गेल्यावर पंधरा दिवसांत कोणीतरी ‘दामदुप्पट’ घेऊन आत्यांच्या दारात येईल, मोबदला मिळालेल्या प्रत्येक गावात येतात. २०१९ पासून अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी असली तरी माणसं फसतात. त्यांना आधीच सावध करून ठेवा.

धाकट्या आत्यांचं स्वतःचं खातं नसेल तर ते आधी उघडा, एकट्याच्या नावे, त्यांच्या यजमानांच्या किंवा मुलाच्या नावासोबत नको. आणि पहिल्यांदा बोलायला जाल तेव्हा फोनवर उरकू नका, वडिलांना घेऊन जा. हक्कसोड पत्राची प्रत आणि पैसे आल्याचा कागद दोन्ही सोबत न्या. आत्यांना वाचायला जमत नसेल तर तुम्ही वाचून दाखवा, सावकाश. रकमेची ओळ आधी वाचा.